खंडनाची तीन मिनिटं

"विषय आला," बिवलकर म्हणाला आणि माझ्या टेबलावर बसला. आमच्या पाटबंधारे खात्यात खुर्च्यांना तोटा नव्हता, पण महत्त्वाची बातमी तो टेबलावर बसूनच सांगायचा.

"काय आहे?"

"तू आधी चहा पिऊन घे."

"मोरू, विषय सांग."

त्याने खिशातून कागद काढला आणि वाचून न दाखवता माझ्यासमोर सरकवला. मोरेश्वर बिवलकरने एखादा कागद मोठ्याने वाचला नाही, असं मी प्रथमच पाहत होतो. रत्नागिरीच्या एका जुन्या वाचनालयाची खुली वादविवाद स्पर्धा. 'या सभेचे असे मत आहे की, अलीकडेच परदेशी एका उपाहारगृहात झालेला गोळीबार हा द्वेषातून घडलेला गुन्हा नसून तो दहशतवादच होय.'

देशाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. नाव सांगितलं की आपल्याकडे लगेच त्या देशाच्या बाजूचे आणि विरोधातले असे दोन तट पडतात, आणि मेलेली माणसं मधल्यामध्ये राहतात. गाव लहान, थंडीचं. लाहोरच्या रफीकभाईंचं उपाहारगृह. तिथलाच एक पोरगा संध्याकाळी बंदूक घेऊन आत शिरला. आदल्या दिवशी त्याने इंटरनेटवर 'यांना हाकला' असं काहीबाही खरडलं होतं. तेवढ्यावरून त्याला दहशतवादी म्हणायचं की नुसता द्वेष्टा, यावर तिथले पोलीस, पुढारी आणि वर्तमानपत्रं सहा महिने भांडत होती. आता ते भांडण रत्नागिरीपर्यंत पोचलं होतं.

त्या उपाहारगृहात माझा धाकटा भाऊ नंदू तंदूर सांभाळायचा. त्या संध्याकाळी मेलेल्यांत तो एक.

वाचनालयाच्या कार्यकारिणीला हे ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. त्यांना विषय ज्वलंत हवा होता. आदल्या वर्षी त्यांनी 'टीव्हीने कुटुंबसंस्था मोडली' ठेवला होता आणि प्रेक्षक टीव्हीवर मॅच असल्यामुळे आलेच नव्हते.

"मी येणार नाही," मी म्हणालो.

"मला वाटलंच. नको येऊ." बिवलकर टेबलावरून उतरला, दारापर्यंत गेला आणि वळला. "फक्त एवढंच, की यंदा तिसरं वर्ष आहे."

त्या स्पर्धेचा करंडक फिरता होता. लागोपाठ तीन वर्षं जिंकणाऱ्याला तो कायमचा मिळायचा, आणि आम्ही दोन वर्षं जिंकलो होतो. पन्नाशीला टेकलेली माणसं गुडघेदुखी धरतात किंवा अध्यात्म धरतात. आम्ही वादविवाद धरला होता. चिपळूणच्या कचेरीतून रजा टाकायची, एसटी धरायची, आणि कुठल्या तरी गावच्या व्यासपीठावर एकमेकांना खोटं पाडायचं. कारण या स्पर्धांची रीतच तशी. संघ दोघांचा, त्यातला एक विषयाच्या बाजूने बोलणार, दुसरा विरोधात, आणि गुण मात्र दोघांचे मिळून. आपल्याच माणसाला हरवत हरवत त्याच्यासकट जिंकायचं. संसार वगळता हा प्रकार मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही, आणि संसाराचं मला ऐकूनच माहीत. लग्नाच्या बाबतीत मला दोन्ही बाजू सारख्याच पटल्या, त्यामुळे ते राहून गेलं. घरात आई आणि मी.

शिवाय आमची एक युक्ती होती. बिवलकर तिला 'पेरणी' म्हणायचा. पहिल्या भाषणात एकाने मुद्दाम एक अर्धवट मुद्दा पेरून ठेवायचा, म्हणजे खंडनाच्या फेरीत दुसऱ्याने तो कापून न्यायचा. परीक्षकांना वाटायचं, काय ही हजरजबाबी माणसं! हजरजबाबीपणा आम्ही आठवडाभर आधी पाठ करत असू.

"एका अटीवर येतो," मी म्हणालो. "नंदूचं नाव निघणार नाही."

"अर्थातच."

"आणि रफीकभाईंनी फोनवर सांगितलं ते तर नाहीच."

"खातू, मी माणूस आहे की कोण?"

"शपथ घे."

त्याने भिंतीवरच्या गणपतीच्या तसबिरीकडे हात केला आणि शपथ घेतली. आवाज उत्तम लागला होता.

रफीकभाई त्या गोळीबारातून वाचले होते. पंधराएक दिवसांनी त्यांचा फोन आला. नंदूच्या शेवटच्या क्षणाचं काही त्यांनी मला सांगितलं. आईला हिंदी फारसं कळत नाही, म्हणून ती माझ्या तोंडाकडे बघत बसली होती. "काय म्हणतात?" तिने विचारलं. "नंदू चांगला होता म्हणतात," मी म्हणालो. "ते मला माहीत आहे," ती म्हणाली आणि उठून आत गेली. जे ऐकलं ते मला एकट्याला पेलेना, म्हणून दुसऱ्या दिवशी वाशिष्ठीच्या पुलावर उभं राहून मी ते बिवलकरला सांगितलं. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि चक्क गप्प राहिला. त्याच्या गप्प राहण्याचं मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं.

वाचनालयाच्या सभागृहात दीडशे खुर्च्या आणि जवळजवळ तेवढीच माणसं होती. परीक्षक तिघं. मधले निवृत्त प्राचार्य, उजवीकडे एक वकील, आणि डावीकडे एक कवी, जे प्रत्येक भाषणानंतर हताशपणे मान हलवत होते. वेळ दाखवणाऱ्या घंटेचा ताबा वाचनालयाच्या चिटणिसांकडे होता, आणि ती वाजवताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरे, ते मी पुढे कुठल्याही वरिष्ठ अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावर पाहिलं नाही.

बिवलकर बाजूने बोलला, ठरलं होतं तसंच. दहशतवाद म्हणजे काय, हेतू कसा ओळखायचा, एका जमातीला मारून बाकीच्यांना संदेश कसा देतात. मी विरोधात बोललो. हे पोरगं कुठल्या संघटनेचं नव्हतं. त्याला सत्ता नको होती, कुणाची सुटका नको होती, त्याला फक्त ती माणसं नको होती. "द्वेषाला पत्ता असतो," मी म्हणालो. "तो शेजारच्या बेकरीत शिरला नाही, याच दारात शिरला. त्याला दहशतवादाचा मोठा दर्जा देऊ नका. त्याला साधा, हलकट द्वेष म्हणा." टाळ्या बऱ्या पडल्या. 'द्वेषाला पत्ता असतो' ही माझी पेरणी होती. खंडनात बिवलकर ती कापणार, हे ठरलेलं. कशी कापायची, तेही मीच त्याला लिहून दिलं होतं.

खंडनाला माणशी तीन मिनिटं होती. आधी बाजूचा वक्ता, मग विरोधातला.

बिवलकर उठला. माईकशी आला. मी लिहून दिलेला कागद त्याने घडी करून खिशात ठेवला. मला वाटलं, पाठ झालाय.

"माझे मित्र म्हणतात, द्वेषाला पत्ता असतो," तो म्हणाला. "मग मी त्यांना एकच पत्ता विचारतो. त्या उपाहारगृहात आपला एक कोकणातला मुलगा होता. चिपळूणचा. हिंदू. समोर बंदूक आली तेव्हा हा मुलगा काय ओरडला, ते मी आपल्याला सांगतो. तो ओरडला, 'मी मुसलमान नाही! मी यांच्यातला नाही!'"

मी माझ्या खुर्चीत होतो, पण खुर्ची कुठे आहे ते मला समजेना.

"ज्यांचं मीठ खाल्लं, त्यांच्यादेखत तो हे ओरडला. भीती माणसाला काय करायला लावते पाहा. आणि तरीही, मित्रहो, तरीही गोळी त्याला लागलीच! द्वेषाला जर पत्ता असता, तर त्याने पत्ता तपासला असता. तपासला नाही. कारण कोण मरतंय याच्याशी त्या मारेकऱ्याला कर्तव्यच नव्हतं. कोणकोण घाबरेल, याच्याशी होतं. यालाच दहशतवाद म्हणतात!" तो थांबला. थांबायचं कुठे, हे त्याला नेहमीच अचूक कळायचं. "हे मी वर्तमानपत्रातून सांगत नाही. त्या मुलाचं नाव नंदकुमार खातू. माझ्या या मित्राचा तो सख्खा भाऊ."

दीडशे माणसं माझ्याकडे वळली. मग टाळ्या. त्या थांबेचनात. कवींनी पहिल्यांदाच मान उभी हलवली.

"विरोधी बाजूचे खंडन," चिटणीस म्हणाले. "श्री. प्रभाकर खातू."

मी माईकपाशी गेलो. माझ्याकडे उत्तर होतं. रफीकभाईंनी जे सांगितलं त्यातलं अर्धंच बिवलकरने सांगितलं होतं. उरलेलं अर्धं माझ्या जिभेवर होतं, आणि ते ऐकून याच दीडशे माणसांनी याहून दुप्पट टाळ्या वाजवल्या असत्या, हे मला अनुभवाने माहीत होतं. समोर वकिलांनी पेन सरसावलं. गुणांच्या तक्त्यात मुद्दा, भाषा, परिणामकारकता असे रकाने होते. नंदूला त्यातल्या कुठल्या रकान्यात बसवायचं, ते मला कळेना.

मी बोललोच नाही. बिवलकर पहिल्या रांगेतून माझ्याकडे बघत होता. आधी मान हलवून 'चल' म्हणाला, मग डोळ्यांनी, मग हाताने. इशाऱ्याची घंटा झाली. मी उभाच. शेवटची घंटा झाली, तेव्हा 'धन्यवाद' म्हणून मी खाली उतरलो.

निकाल सांगायला प्राचार्य उठले. "श्री. खातू यांनी खंडनाच्या फेरीत मौनाचा जो वापर केला," ते म्हणाले, आणि चष्मा काढून त्यांनी खरोखरच डोळे पुसले, "तसा या व्यासपीठावर आजवर झाला नाही. परिणामकारकता या सदरात आम्ही त्यांना पैकीच्या पैकी गुण देत आहोत."

करंडक कायमचा आमचा झाला. फोटोसाठी त्याचा एक कान बिवलकरने धरला, एक मी. फोटोग्राफर म्हणाला, "साहेब, जरा हसा." बिवलकर हसला.

करंडक घेऊन दोघं एसटी स्टँडपर्यंत चालत आलो. बाकड्यावर बसल्यावर मी तोंड उघडणार, तेवढ्यात तोच भडकला.

"तू बोलला का नाहीस?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "काय?"

"तीन मिनिटं खांबासारखा उभा! अरे, मी तिथे काय तोंड घेऊन बसलो होतो? सगळ्या लोकांत मी तुझ्या भावाला भेकड ठरवून बसलो आणि तू मला तसंच ठेवलंस!"

"मी तुला ठेवलं?"

"मग? खातू, मी तुझ्यासाठी पेरलं होतं ते!" त्याने करंडक बाकड्यावर आपटला. "पहिलं अर्धं मी घेतलं, दुसरं अर्धं तुझ्यासाठी राखलं. चांगलं अर्धं तुला दिलं. तू उठायचंस आणि सांगायचंस की बंदूक रफीकभाईंच्या बायको-मुलींवर रोखलेली होती. नंदू मागच्या दाराशी तंदूरपाशी होता, निसटता आला असता त्याला. तो ओरडला म्हणून तो पोरगा वळला. वळला, तेवढ्यात त्या बायका कोठीच्या दाराने बाहेर पडल्या. बस्स! मी खाली, नंदू वर. हॉल उभा राहिला असता रे! मी माझी मान खाली घालून बसायची तयारीसुद्धा केली होती."

आणि हे खरं होतं. त्याचा चेहरा मी इतकी वर्षं समोरून पाहिला होता. पाठ केलेला राग कोणता आणि खरा कोणता, ते मला कळायचं. हा खरा होता. त्याच्या हिशेबी त्याने मला आयुष्यातली सगळ्यात मोठी भेट दिली होती आणि मी ती घेतली नव्हती.

"तू शपथ घेतली होतीस, मोरू."

"हो, पण ती स्पर्धेआधी!"

"मला आधी सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं तर तू नाही म्हणाला असतास."

"हो."

"मग कसं सांगणार?" त्याने निरागसपणे विचारलं.

एक गोष्ट मात्र मी त्याला पुलावर सांगितली होती, ती तो सोयीस्कर विसरला होता. रफीकभाईंनी फोनवर शेवटी म्हटलं होतं, "मुझे नहीं मालूम बेटा, उसने डर के कहा या हमारे लिए कहा. इतना मालूम है कि बंदूक घूम गई." ते स्वतः रडत होते, आणि तरी त्यांनी खोटी खात्री दिली नाही. नंदू कशासाठी ओरडला, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ते न ठाऊक असणं मी सात महिने जपत होतो. बिवलकरने त्याचे दोन सारखे तुकडे केले आणि एकेक वाटून टाकला.

गाडी आली. आम्ही वेगवेगळ्या सीटवर बसलो.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी अंघोळीला गेलो आणि बाहेर येतो तो ओटीवर बिवलकरच्या बायकोचा आवाज. सुमतीवहिनी पेढे घेऊन आल्या होत्या. बाई मनाने अत्यंत चांगल्या.

"...अहो, सगळा हॉल रडला म्हणे! हे रात्री सांगत होते तेव्हा माझ्यासुद्धा डोळ्यांना पाणी आलं. बिचारा नंदू! म्हणजे किती घाबरला असेल बघा, की 'मी यांच्यातला नाही, मी यांच्यातला नाही' करत..."

"वहिनी," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. "मला वाटलं, यांना माहीत असेल..." पेढे स्टुलावर ठेवून त्या गेल्या.

आई सुपात कुळीथ निवडत बसली होती. तिचे हात थांबले नव्हते.

"काय ओरडला तो?"

मी सांगितलं. पहिलं अर्धं आणि दुसरं अर्धं. रफीकभाईंचं 'मला माहीत नाही'सुद्धा सांगितलं. यात बाजू कुठलीच नव्हती, त्यामुळे मला ते फार वाईट सांगता आलं. तीनदा मागे जावं लागलं.

"हे तुला तेव्हापासून माहीत होतं?"

"हो."

"आणि तू ते मोरूला सांगितलंस."

"हो, आई."

तिने दोन खडे निवडून बाजूला टाकले.

"कुठल्या भाषेत ओरडला?"

"इंग्रजीत. त्या माणसाला कळायला नको?"

"सलग?"

"म्हणजे?"

"सलग बोलला की अडखळत?"

मी आठवून पाहिलं. "रफीकभाई म्हणाले, अगदी स्पष्ट. तयार झालेली ऑर्डर बाहेर सांगायचा तसा."

"दोन्ही वाक्यं?"

"दोन्ही."

आईने सूप खाली ठेवलं. "मग तो घाबरलेला नव्हता," ती म्हणाली. "घाबरला की नंदूची जीभ लुळी पडायची. तुला काय ठाऊक, तू तेव्हा नोकरीला बाहेरगावी होतास. दहावीच्या तोंडी परीक्षेत त्याला स्वतःचं नाव सांगता आलं नाही. नं, नं, नं करत राहिला. तुझे अण्णा गेले त्या रात्री शेजाऱ्यांना हाक मारायला धावला आणि दारात नुसता उभा राहिला, शब्दच फुटेना. मराठीत ही तऱ्हा. घाबरला असता तर इंग्रजीत दोन वाक्यं सलग बोलला असता?" तिने नाकाशी पदर नेला, मग पुन्हा सूप उचललं. "छे. त्याने ठरवून सांगितलं ते."

ती रडली ती त्यानंतर, आणि कुळीथ निवडतच रडली. मी तिच्याजवळ बसून राहिलो.

मग ती आत गेली, आणि मी काय करतोय हे कळायच्या आत चपला घालून रस्त्यावर आलो होतो. चांगला मुद्दा सापडला की ताबडतोब बिवलकरच्या घरी जाऊन त्याला तो सांगायचा, ही इतक्या वर्षांची सवय पायांत बसली होती. आणि असा मुद्दा तर आम्हाला सगळ्या स्पर्धांत मिळून एकही मिळाला नव्हता. पुरावा, साक्ष, तर्क, सगळं त्यात होतं. पुलाच्या अलीकडे पोचलो तेव्हा मला त्याचा चेहरा दिसायला लागला. तो टेबलावर बसेल. मांडीवर थाप मारेल. "खातू! हे काल का नाही बोललास?" म्हणेल, आणि मग थोडं थांबून, डोळे बारीक करून, "हे पुण्याच्या स्पर्धेला..."

मी तिथूनच परतलो.

"कुठे गेला होतास?" आईने विचारलं.

"कुठे नाही."

पुढे मी निवृत्त होईपर्यंत बिवलकर आणि मी समोरासमोरच्या टेबलांवर बसलो. भांडण झालं नाही. एकमेकांच्या फाइली पुढे सरकवल्या, त्याच्या मुलीच्या लग्नात मी पंगतीत वाढलं, माझी आई गेली तेव्हा खांदा द्यायला तो पहिला आला आणि चांगला रडला. करंडक त्याच्याच घरी राहिला, मी मागितला नाही. दर वर्षी विषय जाहीर झाला की तो कागद घेऊन माझ्या टेबलाशी यायचा आणि विचारायचा, "यंदा काही सुचतंय का रे?"

"नाही रे," मी म्हणायचो. "हल्ली काही सुचत नाही."